हललेली अक्का

जळगावात मेहरूणच्या त्या घरी मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, की स्वयंपाकात काय काय चालतं तेही विचारलं नाही. व्हरांड्यातल्या लाकडी खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाले, “बसा. आता आठ मोजेपर्यंत हलू नका.”

मी सहापर्यंत तग धरला. सातावर हसू फुटलं आणि खांदे गदागदा हलले. म्हटलं, गेली खोली. पण त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, “हललात. चालेल,” म्हणाले आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्याआधी बँकेतला एक मनुष्य आला होता, तो म्हणे पुतळ्यासारखा बसून राहिला. त्याला त्यांनी खोली नाकारली. हे मला समोरच्या काकूंनी नंतर सांगितलं, वर “जपून राहा ग बाई” असंही सांगितलं.

मी नगरकडची. जामनेरच्या तालुका कृषी कार्यालयात माझी बदली झाली होती, आणि जामनेरात एकटीनं राहण्यापेक्षा जळगावात राहून रोज एसटीनं ये-जा करावी असं घरच्यांनी ठरवलं होतं. त्या घराच्या माडीवर मी साडेचार वर्षं काढली. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मूळचे धुळ्याकडचे. बायको जळगावची, तिच्या हट्टानं निवृत्तीनंतर इथं घर बांधलं, घर झालं आणि दोन वर्षांत ती गेली. मूलबाळ नव्हतं. धुळ्याला बहिणीचा मुलगा होता, तो सणासुदीला येऊन जाई.

आबांना काहीही विचारा, ते आधी मनातल्या मनात आठ मोजत आणि मग उत्तर देत. ओठ किंचित हलताना दिसत. गॅसवाला फोन करी, “सिलिंडर पाठवू का?” आबांचे आकडे सुरू होत. तो बिचारा तीनदा “हॅलो, हॅलो” करून फोन ठेवून देई, आणि मग आबा बंद फोनला शांतपणे सांगत, “हो, पाठवा.” आमच्याकडे सिलिंडर कधी वेळेवर आला नाही.

धुळ्याच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. तासाच्या सुरुवातीला सगळ्या वर्गाला आठ मोजेपर्यंत स्तब्ध बसवायचं, आणि जो हलेल त्याला पुढे बोलावून खुर्चीवर बसवायचं. मग त्या दिवशी सगळ्यांनी त्याचंच चित्र काढायचं. पोरं मुद्दाम हलत असणार, दुसरं काय? पण आबांना त्याचं काही वाटत नसे. “हलायलासुद्धा अंगात जीव लागतो,” असं ते म्हणत. माझ्या मते हे वाक्य त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. शंभर वेळा ऐकूनही ते माझ्या डोक्यात शिरलं नाही, आणि हे सगळं लिहायची वेळ आली ती त्यामुळेच.

माझ्यात एक खोड आहे. दुसऱ्याचं भलं करायचं, आणि ते न विचारता करायचं. घरात आल्या महिन्याला मी आबांच्या फाटकाला तेल घातलं. ते फाटक असं काही करकरे की माझ्या दातांना कळ येई. संध्याकाळी आबा बाहेरून आले, फाटक उघडलं, मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. मग माडीखाली येऊन हाक मारली, “बेटा, फाटकाचा आवाज तू काढून घेतलास का?” मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. ते म्हणाले, “मला ऐकू कमी येतं. तेवढाच आवाज येत होता. आता कुणी आलं ते कळणार कसं?” तेल काढता येत नाही. पुढे दोन पावसाळ्यांनी फाटक गंजून पुन्हा करकरायला लागलं तेव्हा आबांनी मला खाली बोलावून ते तीनदा ऐकवलं.

माणूस एका चुकीवरून शहाणा होतो म्हणतात. मी झाले नाही.

त्यांची छत्री हा सगळ्या गल्लीचा विनोद होता. चैत्र असो, पौष असो, काळी कापडी छत्री काखेत. मेहरूणच्या तलावाकडे फिरायला जाताना छत्री, दळण आणायला छत्री. जळगावच्या उन्हात छत्री असणं शहाणपणाचंच, पण आबा ती उघडत नसत. ऊन टकलावर घेत आणि छत्रीला जपत. कापड विटू नये म्हणून. छत्रीचं खरं काम रविवारी असे.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ते देवघराच्या फडताळातून जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेली एक काच काढत. पोस्टकार्डाच्या दुपटीएवढी असेल. पूर्वी फोटो फिल्मवर नव्हे, काचेवर निघत. स्टुडिओवाला गिऱ्हाइकाला कागदावरचा फोटो देई आणि काच स्वतःकडे ठेवी. धुळ्याचा तो जुना स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथल्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात घासून, वरची माणसं काढून टाकून, देवांच्या तसबिरींना बसवायला विकल्या जात होत्या. आबांच्या वडिलांना हे कळलं. घरातला फोटो वाळवीनं केव्हाच खाल्लेला. ते धावत गेले आणि आपल्या घरची काच तेवढी टबात पडायच्या आधी उचलून आणली.

काच नुसती उजेडात धरली की सगळं उलटं दिसे. तोंडं काळी, केस पांढरे, पांढरं धोतर डांबरासारखं. पण तीच काच काळ्या कापडासमोर जरा तिरपी धरली, उजेड बाजूनं येऊ दिला, की माणसं सुलटी होत. त्यासाठी छत्री. एक खिडकी उघडी, बाकीच्या बंद, टीपॉयवर काच उभी, मागे उघडी छत्री आणि छत्रीचा दांडा धरायला मी. “अजून थोडी डावीकडे. बास. आता हलू नको.” आणि पुसट राखाडी उजेडात ती माणसं येत. पहिल्या रविवारी आबांनी दांडा स्वतः धरून मला ती समोरून दाखवली.

मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि बाग. पुढे खुर्चीत पागोटं घातलेले आबांचे आजोबा, गुडघ्यांवर पंजे ठेवलेले. शेजारी नऊवारीतली आजी, मांडीवर वर्षाच्या आतलं बाळ. ते बाळ म्हणजे आबांचे वडील. मागे आजोबांचे दोन भाऊ. आणि आजीच्या खुर्चीचा हात धरून उभी एक सात-आठ वर्षांची मुलगी. परकर नीट, पायातले वाळे नीट, खुर्चीवरची बोटंसुद्धा मोजता येतील अशी. मानेच्या वर मात्र चेहरा नाही. तिथं एक धुरकट फराटा, कुणी ओल्या चित्रावरून बोट फिरवावं तसा.

“आठ मोजेपर्यंत कोणी हलायचं नव्हतं,” आबा सांगत. “मोठ्या माणसांच्या मानेमागे लोखंडी चिमटा असे, मान धरून ठेवायला. पोरीच्या उंचीचा चिमटा त्यांच्याकडे नव्हता. सहा-साताला बाळ रडलं. तिनं मान वळवून बघितलं.”

हे त्यांना कुणी सांगितलं, तर त्यांच्या पणजीनं, म्हणजे बाळाच्या आईच्या आईनं. ती त्या दिवशी लेकीसोबत धुळ्याला आली होती आणि फोटोवाल्याच्या शेजारी उभी राहून बघत होती. पुढच्याच वर्षी मानमोडीची, म्हणजे १९१८च्या तापाची, साथ आली. बाळ तेव्हा या पणजीकडे होतं म्हणून वाचलं. बाकी घर आठ-दहा दिवसांत संपलं. पणजीनं नातवाला वाढवलं, पण नातीचं नाव काही तिच्या तोंडून निघत नसे. नातीचा विषय निघाला की ती अंथरूण धरी, म्हणून पुढे कुणी विचारलंही नाही. आबांचे वडील तिला नुसतं अक्का म्हणत. ती खरं तर आबांची आत्या, पण वडील अक्का म्हणत म्हणून आबाही अक्काच म्हणत.

आबा माझ्याशी शाळामास्तरांचं स्वच्छ मराठी बोलत. काचेशी मात्र अहिराणी. मी छत्री धरून उभी आणि हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ काचेला नाक लावून सात वर्षांच्या पोरीची मनधरणी करताहेत:

“हालू नको व अक्का. आज तरी हालू नको. दखू दे जराखी.”

मग ओठातल्या ओठात एक, दोन, तीन, असं आठपर्यंत. आणि मग मागे टेकून, “हालनी! हालनीच ना शेवट तू?”

हे ते दर रविवारी म्हणत. माझा हात दुखून आलेला, आमटीखालचा गॅस चालू, आणि माझ्या कानांना त्यात फक्त तक्रार ऐकू येई. म्हाताऱ्याचा जन्म या फराट्यापुढे बसून गेला, वडिलांचाही गेला असेल, आणि चेहरा काही दिसत नाही. मला फार वाईट वाटे. आज आठवतं की “हालनीच ना” म्हणताना आबा हसत असत. तोंडभर हसत. भावंडांत एखादा खेळ असावा आणि दर वेळी धाकट्यानं आनंदानं हरावं, तसं. पण मी छत्रीच्या मागे होते. मला त्यांचा आवाज येई, तोंड दिसत नसे.

त्यांचा स्वतःचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. तो काढायला मीच त्यांना घेऊन गेले होते. संगणकावरच्या मुलीनं “काका, इकडे बघा” म्हटलं. आबांनी डोळे मिटून मोजायला सुरुवात केली. चारावर डोळे किलकिले झाले तेवढ्यात तिनं बटण दाबलं. “झालं, काका.” “अहो, झालं कसं? अजून चार बाकी आहेत.” मागे वीस माणसांची रांग. मीच त्यांना हाताला धरून उठवलं. कार्ड आलं त्यात त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले. “हे बघ, मेल्यावर वेगळा काढायला नको,” म्हणाले, आणि आम्ही दोघंही खूप हसलो.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, दिवाळीपेक्षा मोठा मान. सासरच्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर आंबा, डांगर म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी. उन्हाळ्यात पितरांना पाणी मिळावं म्हणून. लेकींचं येणं आणि मेलेल्यांचं येणं एकाच दिवशी, हे आम्हा नगरकडच्यांना नवलाचं वाटतं.

बाकीच्या घरी सगळ्यांची मिळून एक घागर. आबा प्रत्येकाची वेगळी भरत. आजोबा, आजी, आजोबांचे दोन भाऊ, आई, वडील आणि बायको. सात. कुंभारणीकडून सात लहान घागरी येत, व्हरांड्यात ओळीनं मांडल्या जात. पहिल्या वर्षी मी विचारलं, “आणि अक्काची?” आबांनी मोजलं. “तिची नाही,” म्हणाले. समोरच्या काकू म्हणाल्या, “अगं, एवढ्याशा पोरीची घागर कुठं भरतात?” मला ते पटलं आणि मी विषय सोडून दिला.

अक्कासाठी झोका असे. अंगणातल्या लिंबाला ते स्वतः दोर बांधत, पाट ठेवत. गल्लीतल्या पोरी जमत, पण आधी कुणी बसायचं नाही. पहिला झोका आबा रिकामाच देत. एक चांगला जोराचा धक्का, आणि मग तो रिकामा पाट आपोआप थांबेपर्यंत सगळ्यांनी बघत उभं राहायचं. पोरींना ते ठाऊक होतं, त्या चुळबुळत थांबत. थांबला की आबा म्हणत, “बसा आता.”

चौथ्या वर्षाच्या चैत्रात मी एका सकाळी ऑफिसला निघताना पायरीवर चपला घालता घालता त्यांना विचारलं, “आबा, अक्काचा चेहरा एकदा स्पष्ट दिसावा असं वाटतं ना तुम्हाला?”

त्यांनी वर बघितलं आणि मोजायला लागले. मला जामनेरची गाडी धरायची होती. मी पाचापर्यंत थांबले. मग “येते हं” म्हणून निघाले. फाटक करकरलं. मागे ते काहीतरी म्हणालेही असतील. मी त्यांचं गप्प राहणं हो समजून चालायला लागले, कारण मला होच हवं होतं.

पुढच्या रविवारी आबा चष्मा आणायला आत गेले तेवढ्यात मी छत्रीपुढची काच मोबाईलवर टिपली. बसस्टँडजवळच्या एका फोटोवाल्याकडे गेले. तो संगणकावर जुने फोटो नवे करून देई, दुकानात नमुने लावले होते. त्यानं फोटो मोठा केला, मुलीच्या मानेवर आणला आणि माझ्याकडे बघितलं.

“ताई, इथं चेहराच नाही. पुसट असता तर काढला असता. हे नाहीच.”

“पण मशीननं करता येतं म्हणतात.”

“येतं. मशीन दुसऱ्या पोरींचे चेहरे बघून अंदाजानं एक बसवून देतं. पण तो त्या पोरीचा नसतो. नंतर मला बोलू नका.”

“बसवा,” मी म्हटलं.

दोन मिनिटं लागली. शंभर वर्षांच्या फराट्यातून एक गोड मुलगी बाहेर आली. मधोमध भांग, नाकात मोरणी, मोठे डोळे, थेट समोर बघणारे. आणि हसरी. सगळे दात एकसारखे, पांढरे, एकही पडलेला नाही. सात वर्षांच्या कुठल्या मुलीला असे दात असतात? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मला रडू आलं. मी चांगली जाड चौकट निवडली.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी ती आबांना दिली. त्यांनी कागद सोडवला, चौकट मांडीवर घेतली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले नाहीत. व्हरांड्यात काळोख व्हायला लागला तसा मी दिवा लावला.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“आबा, तुमची अक्का.”

“खरंच?”

इथं खरं सांगायला जागा होती. फोटोवाल्यानं मला शब्दसुद्धा तयार करून दिले होते. पण माझं भेटवस्तू देणं पार पडायचं होतं. मी म्हटलं, “काचेतच होती ती. मशीननं फक्त पुसून स्वच्छ केली.”

ते चौकट घेऊन आत गेले. मला वाटलं, भरून आलं असेल. मी माडीवर जाऊन स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी खाली आले तर लिंबाला दोर नव्हता. गल्लीतल्या चार-पाच पोरी फाटकाला लोंबकळत होत्या, “आबा, झोका?” आबा व्हरांड्यात घागरींवर डांगराच्या फोडी ठेवत होते. मान वर न करता म्हणाले, “औंदा नही.”

मी घागरी मोजल्या. आठ होत्या.

“आबा, आठवी कुणाची?”

त्यांनी मोजलं. या वेळी मी थांबले. पूर्ण आठ.

“अक्कानी,” ते म्हणाले. मग माझ्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलायला लागले, आणि मला वाटतं ते माझ्याशी बोलत नव्हतेच. “त्या दिनले फोटूमा बठ्ठा थांबनात. मंग बठ्ठा मरनात. ती एकलीच हालनी. मना बाप सांगे, जे हालस ते मरेल नही शे. मी बी तेच धरी बठनू. साठ वरीस दखं मी तिले, दर खेप हालनी. काल तू दखाडी. गुपचूप उभी शे. थांबनी ती बी.”

एवढी अहिराणी मला कळत होती: फोटोत जे थांबले ते बठ्ठे, म्हणजे सगळे, मेले, हलली ती एकटीच जिवंत होती, आणि काल मी तिलाही थांबवलं होतं.

आठव्या घागरीवर त्यांनी सांजोरी ठेवली, हात जोडले आणि आत गेले. मी तिथंच पायरीवर बसून राहिले. त्याच वेळी आत जाऊन पाय धरायला हवे होते. मी गेले नाही. मी घाबरले. एकदा खोटं बोललं की खरं बोलणं हे आणखी एक खोटं वाटायला लागतं, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर रविवार थांबले. छत्री खुंटीला गेली. आबा उन्हात तसेच, मोकळ्या हातानं जात. आणि एक गोष्ट समोरच्या काकूंच्यासुद्धा लक्षात आली. आबा लगेच उत्तर द्यायला लागले. “आबा, जेवलात का?” “हो.” “आबा, वांगी भाजलीत, भरीत पाठवू का?” “नको.” गॅस वेळेवर यायला लागला. काकू म्हणाल्या, “बरं झालं बाई, डोकं ठिकाणावर आलं.” मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांची काय चूक होती?

दिवाळीनंतर आबा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांना म्हणावं असं काही सापडलं नाही. भाचा धुळ्याहून येऊन राहिला. एका दुपारी तो औषधं आणायला गेला होता आणि मी त्यांच्या खाटेशी बसले होते. भिंतीवर ती चौकट, तिच्यातले ते दात. मी एका दमात सांगून टाकलं. तो चेहरा तिचा नाही, मशीननं दुसऱ्या पोरींवरून अंदाजानं बसवलाय, फोटोवाल्यानं मला आधीच सांगितलं होतं, मी तुमच्याशी खोटं बोलले.

आबांचे ओठ हलायला लागले. कितीतरी महिन्यांनी. मी मनात त्यांच्याबरोबर मोजलं.

“छत्री आन,” ते म्हणाले.

मी फडताळातून काच काढली, खिडकी उघडली, छत्री उघडली. या वेळी छत्री एका हातानं धरून मी बाजूला उभी राहिले, त्यांचं तोंड दिसेल अशी. पागोटं आलं, नऊवारी आली, बाळ आलं. मुलीच्या मानेवर तोच धुरकट फराटा होता. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आहे, अजून आहे, हलतेय.

आबांनी बघितलं. मग डोळे मिटले.

“आते काचमा बी तीच दिखस,” ते म्हणाले. “दातवाली.”

“आबा, ती खोटी आहे हो.”

“व्हई. पन मी तिले पानी दिधं ना, पोरी. पानी दिधेल माणूस परत येस का?”

मग शाळेतल्या मराठीत, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ते म्हणाले, “विचारलंस त्या दिवशी तू थांबली नाहीस. मी ‘नाही’ म्हणालो होतो. तू फाटकाबाहेर गेली होतीस.”

थंडीत आबा गेले. भाच्याला फ्रेममध्ये लावायला फोटो हवा होता, आणि आधार कार्डाशिवाय फोटो नव्हता. त्यानं मोबाईलवर तोच मोठा करून डोळे उघडून घेतले. तेराव्याला मी खाली गेले तेव्हा हार घातलेले आबा टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. डोळे चांगले होते, पण आबांचे नव्हते. मी ते कुठल्या तोंडानं बोलणार होते? शेजारी अक्काची चौकट. भाच्याची लहान मुलगी कुणाला तरी सांगत होती, “ही आमची जुनी आत्या. किती छान हसते ना?”

घर रिकामं करताना भाच्यानं काच आणि छत्री मला दिली. “मामा म्हणाले होते ताईंना द्या. आमच्याकडे पोरं फोडतील.” त्यानंतर माझी बदली धुळ्याला झाली. रोज पांझरेचा पूल ओलांडून ऑफिसला जाते. तो स्टुडिओ या गावात नेमका कुठं होता ते कुणाला सांगता येत नाही.

यंदाच्या आखाजीला घरी होते. घागर भरायला मी आबांची कोण? झोका बांधायला इथं झाड नाही. सकाळी नऊला खिडकी उघडली, टीपॉयवर काच उभी केली, मागे छत्री उघडून खुर्चीच्या पाठीला बांधली. आणि माझ्या नगरी तोंडाला जमेल तसं म्हटलं, “हाल व अक्का. एकदा हाल.”

राखाडी उजेडात सगळे आले. फराटा होता, मला तो दिसत होता. आणि त्याच्या आतून ते एकसारखे पांढरे दात माझ्याकडे बघून हसत होते.

मी आठपर्यंत मोजलं. ती हलली नाही.